कॉफीची चौकशी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'कॉफी' असे उत्तर दिले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "कॉफी शेवटी आहेच, विषय कोणता?" हाच विषय, असे आम्हांला पुन्हा सांगावे लागले. त्यांचे आश्चर्य अनाठायी नव्हते. या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर, नाट्यसंगीतावर, शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. आमचा अधिकार केंद्र सरकारच्या नोकरीपुरता आणि विद्या बी.ए.पर्यंतची. वनस्पतिशास्त्र आम्ही शिकलो नाही, व्यापार कधी केला नाही. कॉफी मात्र तीस वर्षे प्यालो. आणि ती कशी, तर पुष्कळ अधिकारी फाईलवर सही करतात तशी, आत काय आहे ते न पाहता. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ती फाईल उघडण्याची वेळ आली. त्या चौकशीचा हा अहवाल आपल्यापुढे सादर करीत आहोत.

आमचे बालपण सातारा जिल्ह्यातील एका लहान गावी गेले. घर चहाचे. कॉफी निघे ती एकादशीला, कोणी आजारी पडले तर, परीक्षेच्या आदल्या रात्री, किंवा शहरातून पाहुणे आले म्हणजे. कॉफीची पूड फडताळात वरच्या फळीवर असे आणि तिथवर हात फक्त आईचा पोचे. पातेल्यात दूध, साखर आणि चमचाभर पूड एकत्र उकळायची, सहाणेवर उगाळलेले जायफळ त्यात सोडायचे आणि फडक्याने गाळून कपांत ओतायची, ही तिची रीत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी याहून फार वेगळी रीत नसावी. पुढे कितीतरी वर्षे कॉफीचा वास म्हणजे जायफळाचा वास अशीच आमची समजूत होती.

ती समजूत प्रथम ढळली 1996 साली, चेन्नईस बदली झाली तेव्हा. घरमालकीणबाईंनी, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मामींनी, पहिल्याच सकाळी पितळी डवऱ्यात टंबलर ठेवून कॉफी आणून दिली. जायफळ नाही, वेलची नाही. वर फेस आणि खाली तोंडात रेंगाळणारा कडवटपणा. आम्ही विनयाने ती संपवली आणि खोलीत जाऊन पाणी प्यालो. परंतु महिनाभरात त्या कडवटपणाची अशी गोडी लागली, की पुढील बदलीच्या सामानात पितळी फिल्टर आमच्यासोबत निघाला. 2008 साली बंगळूरला आलो. येथे एका कॉफीचे दोन पेले करून 'बाय टू' पिण्याची रीत आहे. कार्यालयातील किती भांडणे त्या अर्ध्या पेल्यावर मिटली याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. आपण आता कॉफीतले जाणकार झालो, अशा समाधानात आम्ही होतो.

हे समाधान दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत संपुष्टात आले. आमची कन्या याच शहरात नोकरी करते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिने एक पुडके पुढे ठेवले. पाव किलो कॉफी, किंमत सहाशे रुपयांवर. पुडक्यावर मळ्याचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचा वाण, दाणे भाजल्याची तारीख आणि शेवटी 'संत्रे, गूळ, बदाम' अशी अक्षरे. यात संत्रे घातले आहे काय, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "घातलेले नाही बाबा, ते चवीत शोधायचे." मग तिने दाणे दळले, कागदाच्या गाळणीतून हळूहळू पाणी सोडले आणि दूध-साखरेवाचून पेला हाती दिला. आम्ही घोट घेतला आणि म्हणालो, "हा तर काढा! शिवाय आंबट."

यावर ती हसेल असे आम्हांला वाटले होते. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्हांला कॉफी नकोच आहे. तुम्हांला आजीचे जायफळ हवे आहे. तीस वर्षे कॉफी प्यालात, पण तिची ओळख नाही करून घेतलीत."

श्रोतेहो, सरकारी नोकरीत अधिकाऱ्याला मेमो मिळतो. घरी तो असा तोंडी मिळतो. आमच्या मातोश्री जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. बोलणे लागले ते त्यामुळे. तथापि ते खोटे आहे असे आम्हांला म्हणता येईना. म्हणून चौकशी करण्याचे ठरवले.

आता चौकशीत निष्पन्न झालेल्या गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की कॉफी ही एक वस्तू नव्हे. व्यापारात मुख्यतः दोन जाती येतात, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका साधारणपणे हजार ते दीड हजार मीटर उंचीवर वाढते, नाजूक असते, रोगाला लवकर बळी पडते. तिला सुगंध अधिक आणि किंचित फळासारखी आंबटसर चव असते. रोबस्टा त्याखालच्या उंचीवर वाढते, काटक असते, कडवट व दाट असते आणि तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के रोबस्टा आहे, आणि एकूण पिकातही तितकाच वाटा एकट्या कर्नाटकाचा. कन्येच्या पेल्यातला तो आंबटपणा दोष नव्हता, तो त्या जातीचा गुण होता. आम्ही मात्र कडवटपणालाच कॉफी समजून बसलो होतो.

दुसरी गोष्ट चिकोरीची. चिकोरी हे एका झाडाचे मूळ. ते भाजून दळले की कॉफीसारखा रंग आणि दाटपणा येतो. त्यात कॅफीन मुळीच नसते. कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी लागते आणि प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. आम्ही घरातील डबा उलटा करून वाचला. चिकोरी 47 टक्के! तीस वर्षांच्या आमच्या कॉफीभक्तीपैकी जवळजवळ निम्मी एका मुळाला वाहिली गेली, असा हिशेब निघाला.

तिसरी गोष्ट प्रतवारीची. आणि येथे आमच्यातील नोकरदार जागा झाला. कॉफीच्या फळात सहसा दोन बिया असतात, एका बाजूने सपाट. काही फळांत मात्र एकच गोल बी वाढते. तिला पीबेरी म्हणतात आणि ती वेगळी काढतात. उरलेले दाणे चाळणीतून काढून एए, ए, बी, सी असे वर्ग लावतात. आम्हांला वाटले, एए म्हणजे चवीलाही सर्वांत उत्तम. तसे मुळीच नाही. चाळणी दाण्याचा आकार सांगते, चव सांगत नाही. मोठ्या श्रेणीचा तो मोठ्या गुणाचा, हा नियम कॉफीत चालत नाही. अन्यत्र कितपत चालतो हे आमच्यासारख्याने भर सभेत न बोललेले बरे.

चवीची परीक्षा निराळीच असते. शहरात अशा परीक्षेचा एक वर्ग होता, तेथे कन्येने आम्हांला नेले. प्रत्येक पेल्यात मोजून सव्वाआठ ग्रॅम पूड, त्यावर दीडशे मिलिलिटर कढत पाणी. चार मिनिटे थांबायचे, वर आलेला थर चमच्याने मोडायचा, त्या क्षणी येणारा वास घ्यायचा आणि मग चमच्याने घोट जोरात सुर्रकन ओढायचा, म्हणजे तो जिभेवर सगळीकडे पसरतो. असा आवाज लहानपणी केला असता तर आईचा हात आमच्या पाठीवर पडला असता. सुवास, चव, आंबटपणा, दाटपणा, मागे राहणारी चव अशा एकेका गुणाला अंक देतात. शंभरापैकी ऐंशी वा अधिक अंक मिळाले तर ती विशेष दर्जाची कॉफी. हा सारा प्रकार आमच्या गोपनीय अहवालासारखाच. फरक एवढा, की येथे परीक्षक ज्याच्यावर अंक देतो ते निदान चाखून पाहतो.

आमच्या शेजारच्या तरुणाला एका पेल्यात मसाल्याचा वास आला. आम्ही मोठ्या आशेने त्या पेल्यात जायफळ शोधले. ते सापडले नाही. परंतु पेला निवत गेला तशी जिभेच्या कडेला संत्र्याच्या सालीची चव आली. अगदी स्पष्ट आली. पंचावन्नाव्या वर्षी आपल्या जिभेला नवे काही कळते, याचा आनंद आम्ही शब्दांत सांगू शकत नाही. निवृत्ती जवळ आली म्हणजे माणूस शिकण्याचे दप्तर बंद करू लागतो. ते बंद करू नये, असे आम्हांला त्या दिवशी वाटले.

मग मनात प्रश्न आला, की इतकी उत्तम कॉफी आपल्या शेजारी पिकत असता आम्हांला तिचे नाव इतकी वर्षे का कळले नाही? याचे काही उत्तर आमच्या अज्ञानात आहे आणि काही इतिहासात. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या बाजारपेठा तुटल्या आणि मळेवाले बुडण्याच्या बेतास आले. तेव्हा 1942 च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे सामाईक साठ्याची व्यवस्था आली. मळेवाल्याने आपली कॉफी बोर्डाकडे द्यायची, बोर्डाने ती विकायची आणि प्रतीप्रमाणे पैसे वाटायचे. या व्यवस्थेने पडत्या काळात मळे तगले, हे विसरता येणार नाही. परंतु युद्ध संपून अर्धे शतक लोटले तरी ती तशीच राहिली. सर्वांची कॉफी एकत्र मिसळे. आणि एखाद्याने जिवापाड कष्ट करून उत्तम दाणा पिकवला तरी त्याच्या मळ्याचे नाव त्या ढिगात पुसले जाई. 1992 पासून ही बंधने सैल होत गेली आणि 1996 पर्यंत मळेवाल्यांना आपले सगळे पीक स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. पुडक्यावर मळ्याचे नाव येऊ शकले ते त्यानंतर. पुढे 2019 मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी, वायनाड आणि अरकू खोरे येथील कॉफीला भौगोलिक निर्देशांकनही मिळाले. आम्ही सरकारी माणसे. एकाच व्यवस्थेने आधी जीव वाचवावा आणि पुढे श्वास कोंडावा, हे आम्हांला अपरिचित नाही.

दप्तर पाहून झाले. आता स्थळपाहणी उरली होती. जानेवारीत आम्ही, सौ. आणि कन्या असे तिघे चिकमगळूरला गेलो. येथून अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्या जिल्ह्यातील बाबाबुडनगिरीवर, आख्यायिकेप्रमाणे, सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी साधूने येमेनहून लपवून आणलेल्या सात बिया लावल्या. सात आणल्या की सत्तर, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण झाड परदेशी आणि रुजले ते येथे, हे निश्चित. ते आपल्याकडे उघड्या उन्हात लावत नाहीत. सिल्व्हर ओक, फणस अशा उंच झाडांच्या सावलीत ते वाढते आणि त्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. मार्च-एप्रिलात पावसाची एक सर आली की आठवडा-दहा दिवसांत सारा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो, असे मळेवाल्यांनी सांगितले. आम्ही गेलो तेव्हा अरेबिकाच्या तोडणीचा शेवट चालू होता.

तोडणी बहुतांशी बायका करतात. एका फांदीवरची फळे एकाच वेळी पिकत नाहीत. लाल तेवढे घ्यायचे, हिरवे ठेवायचे, आणि त्याच झाडाकडे काही दिवसांनी पुन्हा यायचे. उत्तम कॉफीचे पहिले रहस्य हेच. एक कच्चे फळही चव बिघडवते. सुमारे सहा किलो पिकली फळे तोडावीत तेव्हा एक किलो कच्चा दाणा हाती येतो. मग साल काढणे, आंबवून चिकट थर धुणे, ओट्यावर वाळवणे आणि पुन्हा हातांनी निवडणे.

तोडणाऱ्यांत एक वृद्ध बाई होत्या. बोटे रसाने काळी पडलेली, पण फळ पारखण्यात चूक नाही. कन्येला कन्नड उत्तम येते; तिने विचारले, "अज्जी, ही कॉफी कशी लागते?" अज्जींनी तिच्याकडे नवलाने पाहिले. म्हणाल्या, "मला काय ठाऊक? ही बाहेर जाते. आम्ही घरी गुळाची पितो, ती वेगळी." तीस वर्षे त्या याच उतारावर तोडणी करीत होत्या. कन्येने पिशवीतले पुडके बाहेर काढले, मळ्याचे नाव वाचून दाखवले, आणि मग आम्ही तिघेही गप्प झालो. देशातील कॉफीचा मोठा भाग परदेशी जातो, हा आकडा आम्ही वाचला होता. आकड्यामागचा हात पहिल्यांदा पाहिला.

त्या रात्री मुक्कामी झोप येईना. एक प्रश्न मनात घोळत होता. सकाळी साताऱ्यास ताईंना दूरध्वनी केला. "ताई, आई स्वतः कॉफी पीत असे का गं?" ताई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आई? नाही रे. ती पाहुण्यांची आणि तुम्हां मुलांची. पुरायची कुठे? गाळून झाली की फडके पिळायची तेवढेच."

बंधुभगिनींनो, ज्या चवीला आम्ही पन्नास वर्षे आईची चव म्हणत आलो, ती आईने घेतलीच नव्हती. आणि ज्या कॉफीला आम्ही उत्तम म्हणू लागलो, ती तोडणाऱ्या अज्जींनी चाखली नव्हती. चौकशीतून हे निष्पन्न होईल असे आम्हांला वाटले नव्हते.

परत आल्यावर आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी आम्ही एक प्रयोग केला. तीच महाग कॉफी आणि आईची रीत: दूध, साखर, सहाणेवरचे जायफळ. निष्पत्ती शून्य! संत्रे गेले, गूळ गेला, कॉफीही गेली. राहिले ते जायफळाचे दूध. मग नेहमीची चिकोरीमिश्रित पूड घेऊन पुन्हा केली. ती बरोबर जमली. कारण साधे आहे. हलकी भाजलेली अरेबिका नाजूक, ती दुधात बुडते; रोबस्टाचा कडवटपणा आणि चिकोरीचा दाटपणा दुधाला पुरून उरतात. म्हणजे आईची पूड तिच्या रीतीला योग्य होती, मामींची त्यांच्या फिल्टरला, आणि कन्येची तिच्या कागदी गाळणीला. कन्येने जायफळाचा पेला संपवला आणि म्हणाली, "बाबा, ही कॉफी नाही, पण अजून थोडी असेल तर द्या." आम्ही हा समेट मान्य केला.

पुढच्या जानेवारीत पुन्हा त्याच मळ्यावर गेलो. या वेळी कन्येने दळणाचे छोटे यंत्र, गाळणी आणि गरम पाण्याचा थर्मास बरोबर घेतला होता. दुपारच्या सुट्टीत झाडाखाली तिने कॉफी केली. पहिला पेला अज्जींना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, वास घेतला, सावकाश घोट घेतला. आम्ही अभिप्रायाची वाट पाहत होतो. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "वास चांगला आहे. गूळ घालायला विसरलात." सगळ्या बायका हसल्या. कोणीतरी गूळ आणला, अज्जींनी आपल्या हाताने पेल्यात घातला आणि कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्याल्या. शंभरापैकी अंक देणारे परीक्षक यावर काय म्हणतील ते म्हणोत. एका पेल्याने अज्जींची मजुरी वाढत नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु ज्याने पिकवले त्याला निदान चव ठाऊक असावी, इतके तरी देणे लागतो असे आम्हांला वाटले.

या अहवालाच्या शेवटी काही शिफारशी, कारण त्यावाचून सरकारी अहवाल पुरा होत नाही. डबा घेताना चिकोरीचे प्रमाण वाचा. ती घ्यायची तर जाणून घ्या. कॉफी थोडी थोडी आणि भाजल्याची तारीख पाहून घ्या. दळल्यावर सुगंध फार झपाट्याने उडतो, म्हणून जमल्यास दाणे घरी दळा. वर्षातून एकदा तरी चांगली अरेबिका दुधाविना पिऊन पाहा, आणि पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. आम्ही दिला होता. मुलांनी काही नवे पुढे ठेवले, तर त्याला काढा म्हणण्यापूर्वी पेला थोडा निवू द्या. आणि कॉफी कोणी तोडली, कोणी केली, त्याने स्वतः घेतली का, एवढे विचारा.

आपण पन्नास वर्षांपूर्वी येथे मंडळ स्थापले, तेव्हा आपले ते हरवू नये ही काळजी होती. ती योग्यच होती. आमचा अनुभव इतकाच, की दुसऱ्याच्या अंगणातली चव नीट ओळखल्याने आपले जायफळ हरवत नाही. उलट ते काय होते हे पहिल्यांदा कळते. कॉफीचे झाडही परदेशातूनच येथे आले, दुसऱ्या झाडांच्या सावलीत वाढले, आणि आता त्याला परके म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

मागच्या बाजूस स्वयंसेवकांनी दोन पातेली मांडली आहेत. एकात कोरी कॉफी आहे, दुसऱ्यात जायफळाची. आमची विनंती एवढीच, की सकाळपासून ज्या भगिनी आत राबत आहेत त्यांना प्रथम बोलवावे, त्यांचे पेले भरावेत आणि मग आपण रांगेत उभे राहावे.